टाकीची सनद

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईच्या खाडीला लागून जे एक हिरवे टेकाड आज दिसते, ते भूगर्भातील उलथापालथीतून वर आलेले नसून मुंबईकरांनी १९७२ पासून सुमारे पस्तीस वर्षे अव्याहत टाकलेल्या कचऱ्यातून उभे राहिलेले आहे. आणि २००७ च्या अखेरीस महापालिकेने तेथे कचरा टाकणे थांबवून १९.६ हेक्टरांचे ते क्षेत्र शास्त्रोक्त रीतीने झाकून टाकले, तेव्हा कचऱ्याच्या पोटात कुजण्यातून निर्माण होणारा मिथेन वायू बाहेर काढून जाळून टाकण्यासाठी त्यात जागोजागी विहिरींसारख्या नळ्या उतरवाव्या लागल्या. हा मिथेन, आणि त्याच टेकाडापासून हाकेच्या अंतरावर, गोराई जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या रिक्षांच्या पाठीमागील टाक्यांतला मिथेन, हे दोन्ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच होत. एकाचा उगम आपल्या उकिरड्यात, दुसऱ्याचा समुद्रतळाखालच्या खडकात. एकाला आपण उपद्रव मानून जाळतो, दुसऱ्यासाठी पंपावर तासभर रांग लावतो. परंतु या लेखाचा विषय वायू हा नाही. तो ज्या पोलादी पात्रात कोंडून रस्त्यावर आणला जातो, त्या पात्राला सरकारदरबारी मिळणारी मंजुरी, आणि ती मंजुरी मिळाल्यानंतर त्या पात्राचे पुढे काय होते, हा आहे.

वायूविषयी आरंभीच दोन शब्द सांगून टाकावेत, म्हणजे त्याच्यावरील नाहक संशय दूर होईल. नैसर्गिक वायू हवेपेक्षा पुष्कळच हलका असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचून न राहता वर निघून जातो. हवेत त्याचे प्रमाण साधारण पाच टक्क्यांहून कमी किंवा पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर तो पेटत नाही. आणि आपोआप पेट घेण्यासाठी त्याला पेट्रोलच्या वाफेपेक्षा खूपच अधिक उष्णता लागते. तेव्हा इंधन म्हणून तो पेट्रोलपेक्षा धोकादायक आहे, ही समजूत खरी नव्हे. धोका आहे तो दाबाचा. घरच्या स्वयंपाकाचा वायू थोड्याशा दाबाने द्रवरूप होतो, म्हणून त्याच्या सिलिंडरात मुंबईच्या हवेत पाच ते दहा बारांच्या दरम्यान दाब असतो. मिथेन मात्र सामान्य तापमानात कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही, म्हणून वाहनाला उपयोगी पडेल इतका साठा करावयाचा तर तो दोनशे बारांपर्यंत दाबावा लागतो. दोनशे बार म्हणजे टाकीच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आतून दोनशे किलोंचा रेटा. तळहाताएवढ्या जागेवर वीस टन. हा रेटा सोसणारी पोलादी भिंत सहा ते आठ मिलिमीटरांच्या आसपास जाड असते, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर आपण पाठ टेकून, शाळेतून आणलेल्या मुलाच्या दप्तरासह, निश्चिंतपणे बसलेले असतो. या निश्चिंतपणाला आधार कोणता, याचा शोध घेणे अप्रस्तुत होणार नाही.

मुंबईला हा वायू लाभला तो तिच्या पश्चिमेकडील समुद्रामुळे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खननजहाजाने बॉम्बे हाय येथे तेल शोधून काढले, १९७६ पासून उत्पादन सुरू झाले, आणि तेलाबरोबर येणारा वायू समुद्रतळावरील नळांतून उरणला येऊ लागला. मोटारीचे इंधन म्हणून त्याचा व्यवस्थित पुरवठा होऊ लागला तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. १९९५ साली गेल आणि ब्रिटिश गॅस यांच्या भागीदारीतून महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. पण केवळ वायू उपलब्ध झाला म्हणून शहराने इंधन बदलले नाही. धुराने त्रासलेल्या नागरिकांच्या ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या मंडळाने उच्च न्यायालयात अर्ज केला, न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जुन्या टॅक्सी व रिक्षा यांनी ठराविक मुदतीत स्वच्छ इंधनाकडे वळावे अथवा रस्त्यावरून निघून जावे, असे हुकूम सुटले. त्या काळातील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की, तिच्या मागच्या डिकीत टाकी आडवी निजल्यामुळे प्रवाशाच्या वळकटीला जागा उरली नाही आणि सारे सामान टपावरील कॅरिअरवर चढले. शहराच्या हवेने मोकळा श्वास घेतला, त्यासाठी टॅक्सीला प्रवाशाची ट्रंक अशी डोक्यावर घेऊन फिरावी लागली. मुंबई बेटावर रिक्षाला मज्जाव असल्यामुळे तेथे सीएनजीचा बोजा टॅक्सीने उचलला. वांद्रे व शीव यांच्या पलीकडे, म्हणजे आपल्या उपनगरांत, तो तीन चाकांवर आला.

अशा टाकीकडे कायदा कोणत्या नजरेने पाहतो, हे कळले म्हणजे पुढील बरीच कागदपत्रे समजण्यास सुलभ होतात. हिंदुस्थानात स्फोटकांचा कायदा झाला १८८४ साली; त्याची अंमलबजावणी पाहणारे खाते उभे राहिले १८९८ साली; आणि १९३८ साली सरकारने असे जाहीर केले की, धातूच्या पात्रात दाबून भरलेला कोणताही वायू या कायद्यापुरता स्फोटक समजावा. वायू ज्वालाग्राही असो की नसो, पात्रातील दाब हाच विचारात घ्यावयाचा, हे या जाहीरनाम्यातील मर्म आहे. आणि एखाद्या सरकारी कागदात इतके शुद्ध पदार्थविज्ञान क्वचितच आढळते. त्यातूनच १९४० चे गॅस सिलिंडर नियम आले, त्यांच्या जागी १९८१ चे, पुढे २००४ चे आणि सध्या अमलात असलेले २०१६ चे. हे खाते आता पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, संक्षेपाने ‘पेसो’, या नावाने ओळखले जाते, आणि त्याचे मुख्य दफ्तर दिल्लीस नसून आपल्या नागपुरास, सेमिनरी हिल्सवर आहे. तेथे बसणारा मुख्य स्फोटके नियंत्रक हाच देशातील प्रत्येक वायुपात्राच्या नमुन्यास मान्यता देणारा अधिकारी. गॅरेजमधल्या मिस्त्रीला त्याचे पद ठाऊक नसते; त्या पदाच्या इंग्रजी आद्याक्षरांची ‘सीसीओई’ ही संज्ञा मात्र त्याच्या तोंडी सदैव असते, आणि ‘सीसीओई आहे ना?’ एवढ्याच प्रश्नात त्याने टाकीचे कुलशील विचारलेले असते.

टाकी घडते कशी, हे पाहण्यास गोराईहून फार दूर जावे लागत नाही. किनाऱ्याने उत्तरेस गेले की पालघर जिल्ह्यात तारापूरची औद्योगिक वसाहत लागते, आणि तेथे एव्हरेस्ट कांटो या कंपनीच्या कारखान्यात अशी पात्रे तयार होतात. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची सांधा नसलेली नळी घेऊन तिची टोके लालबुंद होईपर्यंत तापवावयाची, ती गरगर फिरत असतानाच दाबून घुमटासारखी मिटवीत आणावयाची, एका टोकास झडप बसविण्यापुरते मुख ठेवावयाचे, आणि मग सबंध पात्र तापवून, झटक्यात थंड करून, पुन्हा बेताने तापवून पोलादास हवी ती चिवटपणाची प्रकृती आणावयाची, असा हा क्रम आहे. यात कोठेही वेल्डिंगचा जोड नाही, आणि ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. कारण पुढे या टाकीला कोणी वेल्डिंगचे ठिगळ लावले, तर ज्या गुणावर तिला मान्यता मिळाली तो गुणच नाहीसा झाला असे समजावे. सर्वच टाक्या निव्वळ पोलादाच्या असतात असे मात्र नाही. धातूच्या नळकांड्याभोवती कमरेपुरते तंतूंचे वेष्टन असलेल्या, धातूचे अस्तर ठेवून सर्वांगावर वेष्टन केलेल्या, आणि आतील अस्तरदेखील प्लॅस्टिकचे असलेल्या अशा आणखी तीन जाती प्रमाणशास्त्राने मानल्या आहेत. वजन उतरत जाते तशी किंमत चढत जाते, म्हणून आपल्या रिक्षेत व जुन्या मोटारीत बहुधा पहिल्याच जातीची, जड आणि स्वस्त अशी टाकी आढळते.

नमुना मंजूर करून घेण्यासाठी टाकीला जे दिव्य करावे लागते, ते वाचताना जुन्या काळातील न्यायनिवाड्यांची आठवण होते. भारतीय मानक ब्युरोचे १५४९० क्रमांकाचे मानक याच विषयाला वाहिलेले असून ज्या आंतरराष्ट्रीय मानकाचा त्यास आधार आहे, त्यात पुढील परीक्षा सांगितल्या आहेत. पाण्याचा दाब चढवीत नेऊन टाकी फुटेपर्यंत थांबावयाचे नाही, आणि दोनशे बारांवर काम करणारी पोलादी टाकी साडेचारशे बारांच्या आत फुटता कामा नये. दुसऱ्या टाकीत वीस बारांपासून दोनशे साठ बारांपर्यंत दाब चढवावयाचा, उतरवावयाचा, पुन्हा चढवावयाचा. आयुष्याच्या प्रत्येक वर्षामागे असे एक हजार फेरे, म्हणजे वीस वर्षांच्या आयुर्मानासाठी वीस हजार. दिवसातून दोनदा वायू भरणारा रिक्षावाला वर्षाकाठी सातशेच्या पुढे जातो, तेव्हा हा हजाराचा आकडा हवेतून आलेला नाही, हे ध्यानात येईल. तिसरी टाकी पेटत्या आगीवर चार बोटे उंचीवर आडवी ठेवतात. झडपेतील सुरक्षा-बुच उष्णतेने वितळून वायू बाहेर पडला पाहिजे आणि टाकी स्वतः फुटता कामा नये. एका टाकीवर तर ७.६२ मिलिमीटर व्यासाची चिलखतभेदी गोळी झाडतात. गोळी आरपार गेली तर हरकत नाही. वायू सुसाट निघून गेला तरी हरकत नाही. पात्राच्या ठिकऱ्या मात्र उडता कामा नयेत. या सर्व परीक्षांमागे एकच विचार आहे, तो असा की, पात्र कधीच निकामी होणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही, परंतु ते निकामी व्हावयाचेच असेल तर आधी गळावे, फुटू नये.

परीक्षांच्या या यादीत एक कलम असे आहे की, त्यात वेष्टित टाकीच्या पृष्ठभागावर बॅटरीतील आम्ल, कॉस्टिक सोडा, खताचे द्रावण असे पदार्थ ठेवून तिची सहनशक्ती पाहतात. प्रथमदर्शनी हे कलम एखाद्या अतिसावध कारकुनाच्या डोक्यातून निघाल्यासारखे वाटते. पण त्याच्यामागे एक घटना आहे. १९९४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सीएनजीवर चालणाऱ्या दोन पिकअप गाड्यांच्या टाक्या फुटल्या. त्या टाक्यांवर काचतंतूंचे वेष्टन होते. तपासात असे निष्पन्न झाले की आम्लाचा संसर्ग होऊन ताणाखाली असलेले तंतू हळूहळू तुटत गेले होते. कंपनीने अशा सुमारे अडीच हजार गाड्या परत घेतल्या. टाकीच्या निर्मितीत म्हणण्याजोगा दोष नव्हता. ज्या परिसरात ती राहणार त्या परिसराची कल्पना परीक्षकांनी केली नव्हती. तंत्रविषयक मानकांची भाषा रुक्ष असते खरी, पण तिच्यातील पुष्कळशा वाक्यांच्या मुळाशी कोणाचा तरी अपघात पुरलेला असतो, आणि तो ठाऊक झाला म्हणजे त्याच वाक्याचा कंटाळा येत नाही.

नमुना मंजूर झाला म्हणजे पुढची प्रत्येक टाकी आपोआप मंजूर झाली, असेही नाही. प्रत्येक तुकडीतील टाक्यांची मानक ब्युरोच्या नियमांप्रमाणे तपासणी होते, प्रत्येक टाकीला दाबाची चाचणी द्यावी लागते, आणि मग तिच्या खांद्यावर निर्मात्याची खूण, अनुक्रमांक, मानकाचा क्रमांक, रिकामे वजन, पाण्याच्या मापाने धारणाशक्ती, कार्यदाब, चाचणीचा दाब, निर्मितीचा महिना व साल हे सारे ठोकून उमटवितात. टाकी वाहनात बसविणे ही आणखी निराळी बाब. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५-ब हा नियम तिला लागू होतो, आणि टाकी, झडप, रेग्युलेटर व नळ्या मिळून जे ‘किट’ होते त्यास पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय, भोसरीची सीआयआरटी अथवा नगरची व्हीआरडीई यांसारख्या अधिकृत संस्थेने मान्यता द्यावी लागते. टाकी अपघाताच्या धक्क्यातही जागची हलणार नाही असे बंद असावेत, डिकीत असेल तर झडपेवर वायुरोधक आवरण असून गळालेला वायू नळीवाटे गाडीबाहेर जावा, असे तपशील त्यात येतात. शेवटी आरटीओच्या नोंदणी-पुस्तकात इंधन बदलल्याची नोंद व्हावी लागते. गोराईकरांसाठी हे दफ्तर म्हणजे एमएच ४७ हा क्रमांक देणारे बोरिवलीचे. तारापूर, नागपूर, पुणे, बोरिवली, असा हा प्रवास आहे, आणि तो पूर्ण करून आलेल्या नव्या टाकीविषयी माझ्या मनात तरी शंका नाही.

शंका सुरू होते ती यानंतर.

गोराई गाव खाडीच्या पलीकडे आहे. लाँचने पाच-दहा मिनिटांत उतरता येते, पण लाँचवर रिक्षा चढत नाही. रस्त्याने जावयाचे तर भाईंदर व उत्तनचा लांबलचक वळसा घ्यावा लागतो. पलीकडच्या धक्क्यावर पॅगोड्याला व समुद्रकिनाऱ्याला जाणारे प्रवासी घेण्यासाठी ज्या रिक्षा उभ्या असतात, त्यांतील एकीच्या मागील झाकण उघडून चालक स्वच्छता करीत होता, म्हणून मला टाकी जवळून पाहता आली. टाकीचा रंग बराचसा शाबूत होता. मात्र ज्या दोन पोलादी पट्ट्यांनी ती आवळून बसविली होती, त्यांच्या कडेस तांबूस रेघ दिसत होती; पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये घातलेला रबराचा पट्टा एका टोकास कुरतडल्यासारखा झाला होता, आणि बोटाने दाबला तेव्हा त्यातून ओल आली. पावसाळा सरून महिना झाला होता. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते, ते धुळीबरोबर त्या फटीत शिरते, रबर पाणी धरून ठेवते, आणि जेथे डोळा पोहोचत नाही नेमक्या तेथेच पोलाद खाल्ले जाते. आठ मिलिमीटरांच्या भिंतीतून एक मिलिमीटर खड्ड्याखड्ड्यांनी जाण्यास किती वर्षे लागतात, हे किनाऱ्यावरच्या लोखंडी खिडक्यांचे गज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

“हायड्रो कधी झाली?” असे विचारता त्याने झडपेजवळ तारेने बांधलेली पितळी रंगाची पट्टी पुढे केली. तारीख मुदतीतली होती. मी समाधान व्यक्त केले, तेव्हा तो हसून म्हणाला, “मुदतीत असणारच, साहेब. नाहीतर पंपावर नोझल लावत नाहीत. पण हायड्रोला टाकी दिली की दोन दिवसांचा खाडा, आणि मालक म्हणतो शिफ्टचे पैसे तर द्यायलाच पाहिजेत.” रिक्षा एकाची, चालवितो दुसरा, टाकीची जबाबदारी कायद्याने मालकाची आणि तिच्यापुढे बारा तास बसण्याचे प्रारब्ध चालकाचे, या व्यवस्थेत तपासणीचा दिवस हा कोणासही आपला वाटत नाही.

आपल्याकडील नियमानुसार वाहनावरील सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी जी फेरतपासणी करावी लागते, तिलाच सारे जण हायड्रो म्हणतात. ही चाचणी नीट केली तर ती पाहण्यासारखी असते. टाकी वाहनातून उतरवून, वायू काढून टाकून, झडप सोडवितात. आत दिवा सोडून भिंतींवर गंज, खड्डे, तडे आहेत का ते पाहतात. बाहेरून पट्ट्यांच्या जागा घासून तपासतात. वजन करून खांद्यावर कोरलेल्या मूळ वजनाशी ताडून पाहतात, कारण घटलेले वजन म्हणजे गंजाने नेलेले पोलाद. मग टाकी पाण्याने भरून, पाण्यानेच भरलेल्या एका बंद कोशात ठेवतात आणि आतील दाब कार्यदाबाच्या निदान दीडपट चढवितात. पोलाद ताणले जाते, टाकी किंचित फुगते, आणि ती जेवढी फुगली तेवढे पाणी कोशातून एका काचनळीत चढते. दाब काढला की पाणी उतरते. परंतु ते मूळच्या रेघेपर्यंत पुरते उतरले नाही, तर उरलेला तो फरक म्हणजे पोलादाने कायमचा धरलेला फुगवटा. हा फुगवटा एकूण प्रसरणाच्या ठराविक अंशाबाहेर गेला, की टाकी बाद. पाणी अशासाठी की ते दाबले जात नाही म्हटले तरी चालेल. परीक्षेतच टाकी फुटली तर पाणी नुसते सांडते, वायूप्रमाणे झेपावत नाही. सारे झाल्यावर टाकी गरम हवेने आतून कोरडी ठणठणीत करावी लागते, आणि घाईच्या कामात सर्वांत प्रथम जी पायरी गाळली जाते ती हीच. आत राहिलेले पेलाभर पाणी पुढील तीन वर्षे काय करील, याची पट्टीवरील तारखेला वार्ताही नसते.

या तपासणीच्या स्वरूपाविषयीही तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. अमेरिकेत तीन वर्षांनी अथवा छत्तीस हजार मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, प्रशिक्षित तपासनिसाने टाकी व तिचे बंद डोळ्यांनी बारकाईने पाहावेत यावर भर आहे. टाकी उतरवून पाण्याने ताणण्याचा आग्रह तेथे नाही. त्या पक्षाचे म्हणणे असे की, टाकी काढण्या-बसविण्यात, आत पाणी शिरण्यात आणि सांधे पुन्हा आवळण्यात नवे दोष उत्पन्न होतात, व वेष्टित टाक्यांचे खरे दुखणे पाण्याच्या चाचणीत उमटतेच असे नाही. हा युक्तिवाद निराधार नव्हे. तरीही आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू करावा असे मला वाटत नाही. कारण नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी ही पाहणाऱ्याच्या सचोटीवर जितकी अवलंबून असते, तितकी काचनळीतील पाण्याची रेघ नसते. मात्र दोन हायड्रोंच्या मधल्या तीन वर्षांत टाकीकडे कोणीच पाहू नये, हे खाऱ्या वाऱ्याच्या गावी तरी परवडणारे नाही. पासिंगच्या वेळी पट्ट्या सैल करून रबराखालची जागा पाहणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि पट्टीवरील तारीख वाचणे म्हणजे ते काम नव्हे.

दक्षिण कोरियात सेऊल शहरी ऑगस्ट २०१० मध्ये एका सिटी बसची सीएनजी टाकी फुटून बसमधील व रस्त्यावरील डझनाहून अधिक माणसे जखमी झाली, तेव्हा वाहने हजारोंनी धावत होती पण टाक्यांच्या नियतकालिक तपासणीची पुरेशी व्यवस्था नव्हती, असे त्या देशास उमगले आणि कायद्याची चौकट घाईने उभारावी लागली. आपली चौकट पूर्वीपासून आहे, ही गोष्ट अभिमानाची आहे. प्रश्न तिच्यात माणसे उभी आहेत का, एवढाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंधेरीत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील एका सीएनजी बसला आग लागली, महिन्याभरातील ती तिसरी घटना होती, आणि बेस्टने अशा सुमारे चारशे बसगाड्या तडकाफडकी रस्त्यावरून काढल्या. आठवडाभर उपनगरांतील थांब्यांवर जी गर्दी उसळली तिच्यात ‘सीएनजी फुटतो’ हेच वाक्य फिरत राहिले. वाहनास लागलेली आग आणि टाकीचा स्फोट या दोन भिन्न गोष्टी आहेत, आगीची कारणे विजेच्या तारांपासून इंधनाच्या नळीपर्यंत कोठेही असू शकतात, आणि आगीत सापडलेल्या टाकीने न फुटता वायू सोडून द्यावा यासाठीच तिला मंजुरीपूर्वी आगीवर ठेवलेले असते, हे कोणी समजावून सांगितले असते तर भय थोडे कमी झाले असते आणि चौकशी थोडी अधिक नेमकी झाली असती. आगीतून गेलेली टाकी मात्र, दिसावयास धडधाकट असली तरी, तपासणीशिवाय पुन्हा वापरावयाची नसते; उष्णतेने पोलादाची ती कष्टाने आणलेली प्रकृती बिघडलेली असू शकते.

आता राहिला प्रश्न टाकीच्या अखेरीचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. मुंबईत रिक्षेचे आयुष्य पंधरा वर्षांचे ठरविलेले आहे, टॅक्सीचे वीस वर्षांचे. टाकीचे आयुष्य मानकाने वीस वर्षांपर्यंत धरलेले. रिक्षा मोडीत निघाली तेव्हा तिच्या टाकीचे, कागदोपत्री का होईना, काही आयुष्य उरलेले असते, आणि जेथे आयुष्य उरलेले आहे तेथे गिऱ्हाईक हटकून सापडते. जुन्या मोटारीला स्वस्तात किट बसवून देतो म्हणणाऱ्याकडे ती टाकी कोठून आली, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. विचारले पाहिजे, खांद्यावरील अनुक्रमांक हाती असलेल्या दाखल्याशी अक्षरशः ताडून पाहिला पाहिजे, निर्मितीचे साल घासलेले वा रंगाखाली बुजलेले असेल तर सौदा तेथेच सोडला पाहिजे, आणि ऑक्सिजनच्या किंवा अन्य वायूच्या जुन्या पात्रास सीएनजीची झडप लावून देणारा भेटला, तर त्याच्या दारातून गाडी ढकलत का होईना बाहेर आणली पाहिजे.

नियमांचे या बाबतीतले म्हणणे निःसंदिग्ध आहे. जी टाकी फेरतपासणीत उत्तीर्ण होत नाही, किंवा जिचे वजन मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घटले आहे, ती पुन्हा भरावयाची नाही. तिचा नाश करावयाचा, आणि तो असा की, ती सपाट चेपून टाकावी अथवा तिचे असे तुकडे करावेत की ते वेल्डिंगने किंवा अन्य उपायाने जोडून त्यांचे पुन्हा पात्र होऊ शकणार नाही. मसुदा लिहिणाऱ्यास भंगारबाजाराचे ज्ञान चांगलेच असले पाहिजे. कापण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा आणि सबंध टाकीला भंगारात मिळणारा भाव तुकड्यांच्या भावाहून चढा, हा मात्र हिशेब त्या मसुद्यात आलेला नाही. मोडीत निघालेल्या रिक्षेची नोंद आरटीओच्या दफ्तरात रद्द करताना चासीच्या क्रमांकाचा तुकडा जसा हजर करावा लागतो, तसाच टाकीच्या खांद्याचा, अनुक्रमांक असलेला कापीव तुकडा हजर करावयास लावला, तर नागपूरच्या दफ्तरास आपण मंजूर केलेल्या टाक्यांपैकी कोणत्या खरोखर संपल्या, याची यादी बोरिवलीच्या खिडकीवरून महिन्याच्या महिन्यास मिळू लागेल.